चेहरा जुना, किंमत नवी!

चाळीस वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्याचं रूपडं घेऊन आलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांनी बापाला आणि पोराला एकाच वेळी भुरळ घातली आहे. पण दीड-दोन लाख मोजण्याआधी त्यांच्या माथ्यावरच्या चकत्यांचं नेमकं करायचं काय, याचा विचार घरात कोणी केलाय का?

काळंभोर अंग, माथ्यावर पांढरे आकडे कोरलेल्या चकत्या आणि मधोमध तो ओळखीचा उंचवटा... दुकानाच्या काचेमागचा निकॉनचा झेड एफ पाहून पन्नाशी ओलांडलेला माणूस हमखास थबकतो. "अरेच्चा, हा तर आमच्या वेळचा एफएम टू!" असं त्याच्या तोंडून निघून जातं. शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजातल्या मुलानं एफएम टू कधी हातातही धरलेला नसतो, तरी तोही त्याच काचेला नाक लावून उभा! बापाला आठवणी हव्या असतात, पोराला स्टाइल. आणि मागे उभ्या असलेल्या आईला दिसत असते ती फक्त किमतीची चिठ्ठी.

त्या चिठ्ठीवरचा आकडा थट्टेवारी नेण्यासारखा नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये हा कॅमेरा जाहीर झाला तेव्हा भारतात नुसत्या बॉडीची किंमत पावणेदोन लाखांच्या पुढे होती. लेन्स वेगळी, कार्ड वेगळं, जादा बॅटरी वेगळी. एवढ्या पैशांत अख्ख्या घराचं रंगकाम निघतं किंवा एखाद्या मुलीची कॉलेजची फी भरून होते. शिवाय प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहेच आणि त्याचे फोटो वाईट येतात असं आता कोणी म्हणणार नाही. मग केवळ दिसायला देखणा म्हणून हा पाहुणा घरात आणावा का?

मूळ पुरुष

झेड एफनं ज्याचा चेहरा घेतला तो निकॉन एफएम टू १९८२ मध्ये बाजारात आला. सेकंदाचा चार हजारावा भाग इतक्या वेगानं उघडझाप करणारं, संपूर्ण यांत्रिक शटर ही त्याची तेव्हाची मिजास. बॅटरी लागायची ती फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरपुरती. सेल संपला तरी गडी अडून बसत नसे. अनुभवी फोटोग्राफर ऊन-सावलीचा अदमास घेऊन आकडे लावत आणि खटका दाबत. १९८४ मध्ये पाकिस्तानातल्या नासिर बाग निर्वासित छावणीत स्टीव्ह मॅककरीनं एका हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो काढला होता. जून १९८५ च्या 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या मुखपृष्ठावरून जगभर गेलेला तो फोटो एफएम टूनंच टिपलेला. २००१ पर्यंत या कॅमेऱ्याचं उत्पादन चालू होतं. आपल्याकडचे वर्तमानपत्रांतले आणि लग्नसमारंभांतले कितीतरी फोटोग्राफर याच घराण्यातल्या कॅमेऱ्यांवर हात बसवून मोठे झाले.

त्या कॅमेऱ्याच्या माथ्यावरचा उंचवटा शोभेचा नव्हता. लेन्समधून येणारा उजेड आत तिरक्या बसवलेल्या आरशावर पडायचा, तिथून वर जायचा आणि उंचवट्यातल्या पैलूदार काचेतून वळून डोळ्यापर्यंत पोचायचा. फोटोच्या क्षणी आरसा वर उचलला जायचा. तो प्रसिद्ध 'खटॅक' आवाज शटरइतकाच या आरशाचाही! मिररलेस म्हणजे ज्यात हा आरसाच काढून टाकला आहे असा कॅमेरा. उजेड थेट सेन्सरवर पडतो आणि डोळ्यापुढे असतो एक चिमुकला पडदा. पॅनासॉनिकचा जी वन २००८ मध्ये आला आणि हा प्रकार हळूहळू रुळला. झेड एफच्या उंचवट्यातही तो पडदाच आहे. पैलूदार काचेचा तिथं पत्ता नाही.

जुन्या चेहऱ्याची ही लाट तशी निकॉननं आणली नाही. २००९ च्या जूनमध्ये ऑलिम्पसनं आपल्या १९५९ सालच्या पेन कॅमेऱ्याची पन्नाशी साजरी केली ती ई-पी वन हा डिजिटल अवतार काढून. मूळ पेन मोठा काटकसरी होता. एका फ्रेममध्ये दोन फोटो बसवून ३६ च्या रोलवर ७२ फोटो द्यायचा! मग फूजीफिल्मनं २०१० मध्ये एक्स-१०० जाहीर केला आणि पुढच्याच वर्षी तो दुकानांत आला. जुन्या रेंजफाइंडरसारखा दिसणारा, लेन्स न बदलता येणारा हा कॅमेरा इतका आवडला की त्याच्या पिढ्यांवर पिढ्या निघाल्या. पाचवी पिढी, एक्स-१०० व्ही, टिकटॉकवर तरुणांनी अशी काही डोक्यावर घेतली की वापरलेला कॅमेरा नव्याहून महाग विकला जाऊ लागला. फेब्रुवारी २०२४ मध्ये १,५९९ डॉलर किमतीला सहावी पिढी आली, तिच्यासाठीही लोकांनी रांगा लावल्या.

कंपन्यांना हे अचानक का सुचलं? कारण उघड आहे. सहलीला न्यायचे छोटे कॅमेरे मोबाइलनं गिळून टाकले. आता कॅमेरा विकायचा तर तो गरजेचा म्हणून विकला जाणं कठीण, तो हातात धरावासा वाटला पाहिजे. फाउंटन पेन आणि काट्यांची घड्याळं ज्या कारणानं टिकून आहेत, त्याच कारणाचा आधार कॅमेरेवाल्यांनी घेतला. यात फसवणूक काही नाही. पण घेणाऱ्यानं आपण कशाचे पैसे देतोय हे ओळखलेलं बरं.

चकत्यांचा हिशेब

फोटोत उजेड किती घ्यायचा हे तीन गोष्टींवर ठरतं. लेन्सचं भोक किती उघडं ठेवायचं, शटर किती वेळ उघडं ठेवायचं आणि सेन्सरनं त्या उजेडाला किती संवेदनशील राहायचं. अनुक्रमे अ‍ॅपर्चर, शटर स्पीड आणि आयएसओ. रोलच्या जमान्यात तिसरी गोष्ट रोल विकत घेतानाच ठरायची. १०० चा रोल घातला की ३६ फोटो होईपर्यंत १००. उरलेल्या दोन गोष्टींसाठी एक चकती माथ्यावर, एक कडं लेन्सवर. बस्स, एवढाच संसार!

सध्याच्या साध्या डिजिटल कॅमेऱ्यात हीच कामं बिननावाच्या दोन चाकांवर सोपवलेली असतात. चाक फिरवलं की पडद्यावरचा आकडा बदलतो. जलद आहे, सोयीचं आहे. फक्त कॅमेरा बंद असताना त्याच्याकडे पाहून काही कळत नाही. कोरीव चकत्यांचा खरा गुण हा, की कॅमेरा पिशवीतून बाहेर काढतानाच आपण कुठे आहोत ते दिसतं. सेकंदाचा २५० वा भाग, आयएसओ ४००... आकडे समोर असले की माणूस उजेडाकडे बघायला लागतो. शिकणाऱ्यासाठी याहून चांगला मास्तर नाही.

पण इथं एक गोम आहे. झेड एफच्या आयएसओ चकतीखाली एक छोटी कळ असते. ती 'ऑटो'वर सरकवली की वरच्या चकत्यांवर काहीही आकडा असो, कॅमेरा आपल्या मनानं चालतो. शटरची चकती सेकंदाच्या चार हजाराव्या भागावर आहे आणि फोटो निघतोय तिसाव्या भागानं, असंही होतं. म्हणजे दोन लाखांच्या वस्तूवरचे पितळी आकडे त्या वेळी केवळ नक्षी! आणि घरोघरचा अनुभव असा, की कळ एकदा ऑटोवर गेली की सहसा तिथून हलत नाही.

फूजीफिल्मच्या एक्स-टी फाइव्हमध्ये हा घोळ कमी आहे. तिथं निराळी मोडची कळ नाही. शटरच्या चकतीवर, आयएसओच्या चकतीवर आणि लेन्सच्या कड्यावर 'ए' असं एक अक्षर असतं. तिन्ही 'ए'वर ठेवले की सगळं आपोआप. ज्यात आपल्याला लक्ष घालायचंय तेवढंच 'ए'वरून काढायचं. नवशिक्याला एकेक करून शिकता येतं आणि चकती कधी खोटं बोलत नाही.

दुसरी उणीव जुन्या जाणकारांच्या लगेच लक्षात येते. झेड एफबरोबर ४० मिलिमीटरची जी खास जुन्या धाटणीची लेन्स मिळते, तिच्यावर अ‍ॅपर्चरचे आकडेच नाहीत. चांदीची कड आहे, रबराच्या पकडीवर जुनी नक्षी आहे, पण एफएम टूवाल्याचा डावा हात सवयीनं जे कडं शोधतो ते नाही. अ‍ॅपर्चर बदलायचं पुढच्या बिननावाच्या चाकानं आणि तो आकडा वाचायचा माथ्यावरच्या नखाएवढ्या खिडकीत. तीनपैकी एक माणूस रजेवर गेलाय म्हणा ना!

गंमत म्हणजे हा रजेवरचा माणूस घरातच सापडू शकतो. वडिलांच्या किंवा आजोबांच्या कपाटात निकॉनची जुनी लेन्स असेल, निदान १९७७ नंतरच्या एआय पद्धतीची, तर एफटीझेड नावाच्या जोडकड्यानं ती झेड एफवर बसते. फोकस हातानं करावा लागतो, पण लेन्सवरचं अ‍ॅपर्चरचं कडं पूर्वीसारखं काम करतं. ज्या घरात अशा दोन-तीन लेन्स जपून ठेवल्या आहेत, तिथं हा कॅमेरा घेण्याला नुसत्या हौसेपलीकडचं कारण आहे. अर्थात जोडकड्याला पैसे टाकण्याआधी लेन्समधून मोबाइलची बॅटरी मारून बघावी. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी समजावी.

चेहऱ्याचे किती?

आता पैशांचं बघू. निकॉननं एप्रिल २०२५ मध्ये झेड फाइव्ह टू हा साध्या चेहऱ्याचा कॅमेरा आणला. सेन्सर झेड एफइतकाच मोठा, ३६ बाय २४ मिलिमीटरचा. मेगापिक्सेल तेवढेच, २४.५. आतला प्रोसेसरही त्याच पिढीचा, एक्सपीड सेव्हन. वजनातही दहा ग्रॅमचाच फरक, हा ७०० तर तो ७१०. बाजारात येताना अमेरिकेत झेड एफची किंमत दोन हजार डॉलरच्या जवळ होती, याची सतराशेच्या. वर याला बोटं नीट रुततील अशी खोल पकड आहे आणि दोन्ही कप्पे मोठ्या एसडी कार्डांचे. झेड एफचा दुसरा कप्पा करंगळीच्या नखाएवढ्या मायक्रो कार्डाचा, ते काढता-घालताना बोटांची परीक्षा.

थोडक्यात, पोटात जवळजवळ तेच असताना चेहऱ्यापायी तीनशे डॉलर जास्त! मात्र यावरून नियम बनवू नये. फूजीफिल्ममध्ये उलटं घडलं. २०२२ मध्ये आलेल्या एक्स-एच टू आणि एक्स-टी फाइव्ह या दोघांत ४० मेगापिक्सेलचा एकच सेन्सर. तिथं चकत्यावाला एक्स-टी फाइव्हच स्वस्त होता, १,६९९ डॉलर. साध्या चेहऱ्याचा एक्स-एच टू १,९९९. त्याची किंमत वाढली ती व्हिडिओच्या जादा करामतींनी.

पकडीचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण तसा तो नाही. एफएम टूची बॉडी ५४० ग्रॅमची होती आणि तिला छोट्या लेन्स लागत. झेड एफ बॅटरी-कार्डासह ७१० ग्रॅमचा आहे आणि पुढचा भाग तसाच सपाट. छोटी ४० मिलिमीटरची लेन्स असेल तर ठीक. तिच्या जागी मोठी झूम लेन्स लावून कोणी दिवसभर हंपीत किंवा वेरूळला फिरला, तर संध्याकाळी मनगट बोलायला लागतं. मग वेगळी पकड विकत आणून खाली बसवायची. म्हणजे आधी जुन्या रूपासाठी पैसे मोजायचे आणि नंतर ते रूप झाकण्यासाठी!

कोणासाठी, कोणासाठी नाही

"अहो, मोबाइल आहे ना! हे आणखी कशाला?" हा प्रश्न घराघरात विचारला जाणार आणि तो रास्त आहे. बाहेर लख्ख उजेड असेल आणि फोटो नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे असतील, तर या दोन लाखांचा फरक कोणाला दिसणारसुद्धा नाही. फरक दिसतो तो दिवेलागणीनंतर. मोबाइलमधल्या सगळ्यात मोठ्या, तथाकथित एक इंची सेन्सरचं क्षेत्रफळ ११६ चौरस मिलिमीटरच्या आसपास, झेड एफच्या सेन्सरचं ८६४. जवळजवळ साडेसात पट! समईच्या उजेडातली आजी, हळदीच्या रात्री मांडवात पळणारी पोरं, रंगमंचावरची नात... अशा ठिकाणी मोठा सेन्सर आपली किंमत वसूल करतो. हात थरथरत असले तरी बॉडीतली यंत्रणा ते बरंचसं सावरून घेते. पण हे सगळे गुण झेड फाइव्ह टूमध्येही आहेत, हे विसरता कामा नये.

ज्या घरात कॅमेरा एकानंच घ्यायचा पण वापरायचा चौघांनी, तिथं साधी पकड असलेलं मॉडेल बरं. आई, मुलगा, मामा... कोणाच्याही हातात दिला तरी चालतो. लहान मुलं, खेळ, पक्षी हे ज्यांचे विषय त्यांनाही चकत्या फिरवायला वेळ नसतो. उलट जो माणूस रविवारी सकाळी एकटा बाहेर पडतो, एका घाटावर किंवा एका गल्लीत तासभर रमतो, दहा-बारा फोटो काढून परत येतो, त्याच्यासाठी चकत्यांचा कॅमेरा खरंच वेगळा आहे. झेड एफचा मागचा पडदा उलटा फिरवून मिटता येतो. मग मागे नुसतं काळं आवरण दिसतं आणि काढलेला फोटो लगेच बघायचा मोह आपोआप सुटतो. शटरच्या चकतीखालची कळ सरकवली की सगळं कृष्णधवल. हे दोन्ही खेळ वाटतील, पण ज्याला उजेड-सावली शिकायची आहे त्याच्या ते रोजच्या कामाचे आहेत.

हौस आहे पण बजेट नाही, अशांसाठी निकॉनचाच २०२१ चा झेड एफसी आहे. सेन्सर लहान, वजन ४४५ ग्रॅम, चकत्या तशाच. मात्र हाताची थरथर सावरणारी यंत्रणा त्याच्या बॉडीत नाही.

आणि मूळ पुरुषच आणला तर? मुंबईत फोर्टमध्ये बोरा बझारच्या आसपास, दिल्लीत चांदणी चौकातल्या कूचा चौधरीत, कोलकात्याच्या मेट्रो गल्लीत जुने कॅमेरे अजून मिळतात आणि दुरुस्त करणारेही भेटतात. कॅमेरा त्या मानानं स्वस्त पडतो. खर्च सुरू होतो नंतर. एक रंगीत रोल, तो डेव्हलप करणं आणि स्कॅन करणं मिळून हजार रुपयांच्या पुढे सहज जातं, तेही ३६ फोटोंसाठी. महिन्याला दोन रोल धरले तरी वर्षाचा आकडा पंचवीस हजारांकडे सरकतो. तरीसुद्धा चकत्यांची आवड टिकते का हे बघायला एक-दोन रोल काढणं हा दोन लाखांच्या तुलनेत स्वस्तातला सौदा आहे.

दोन दिवस भाड्यानं

त्याहून सोपा उपाय म्हणजे कॅमेरा दोन दिवस भाड्यानं आणणं. मुंबई, पुणे, बेंगळुरू, दिल्ली अशा शहरांत तशी दुकानं आहेत. अनामत रक्कम आणि ओळखपत्र लागतं एवढंच. शनिवारी तो घरच्यांच्या हातात फिरू द्यावा. कोणाला तो जड वाटतो, कोणाची बोटं अडखळतात, ते आपोआप कळेल. रविवारी एकट्यानं न्यावा, पडदा मिटून, ३६ फोटोंची मर्यादा स्वतःवर घालून. बॅटरी एका चार्जिंगमध्ये साडेतीनशेच्या वर फोटो देते, त्यामुळे तेवढ्यासाठी ती पुरून उरेल.

रात्री ते फोटो कॉम्प्युटरवर उघडले की प्रत्येकाबरोबर शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ आणि कोणत्या मोडवर तो काढला याची नोंद आलेली असते. फोटो किती छान आलेत हे नंतर बघावं, आधी ती नोंद बघावी. छत्तीसपैकी तीस 'ऑटो'चे निघाले तर झेड फाइव्ह टूची चौकशी करावी आणि वाचलेल्या पैशांत एखादी चांगली लेन्स घ्यावी. बहुतेकांच्या बाबतीत हेच होईल. पण स्वतः आकडे लावून काढलेले फोटो जास्त असले, त्यातले दहा बिघडले असले आणि तरी सोमवारी सकाळी कॅमेरा परत करायला पाय निघत नसले, तर मात्र चेहऱ्याचे जादा पैसे वाया जाणार नाहीत.

घ्यायचा ठरलाच तर पक्क्या बिलाशिवाय घेऊ नये. 'बाहेरून आलेला' म्हणून वीस-पंचवीस हजारांनी स्वस्त सांगितला जाणारा कॅमेरा भारतातल्या वॉरंटीत बसत नाही आणि तो बिघडला की वाचलेले पैसे दुरुस्तीतच जातात. बिलावरचा सीरियल नंबर आणि बॉडीवरचा नंबर दुकानातच ताडून पाहावा. त्याच दिवशी घट्ट झाकणाचा एक प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या आणाव्यात. मुंबई-कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात हवेतली ओल लेन्सला सोडत नाही. जुन्या कॅमेऱ्याबरोबर शोभून दिसते म्हणून घेतलेली चामड्याची केस चार महिने कपाटात बंद ठेवू नये, निदान कॅमेरा तरी त्यात ठेवू नये. चामडं ओल धरून ठेवतं आणि बुरशी पहिली तिथंच उगवते.